कंप्युटरला लेक नसते

निपाणीचे माझे व्याही हे आमच्या सगळ्या गणगोतातले सर्वांत थोर बुद्धिबळपटू होते, हे मी इतकी वर्षं कुणापुढं बोललो नाही. बोललो असतो तर पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं, की त्यांच्यासमोर मी प्रत्येक डाव खराखुरा हरलो. आता ते नाहीत, आणि माझंही वय लाजण्याच्या पलीकडं गेलंय, म्हणून सांगतो.

थोर म्हणजे किती, तर नुसतं जिंकणं त्यांना कमीपणाचं वाटे. मात द्यायची ती प्याद्यानंच, असा त्यांचा जुन्या पद्धतीचा हट्ट. वजिरानं मात करणं म्हणजे पंगतीत ओरबाडून खाणं, असं त्यांचं मत. माझा राजा कोपऱ्यात उघडाबोडका उभा, त्यांचा वजीर दारात, आणि व्याही मात्र लांबचं एखादं प्यादं हळूहळू सरकवत बसलेले. "घाई करू नगासा पाव्हणं, पोरगं चालत येतंय," म्हणायचे. तोवर मी चहा पिऊन घ्यायचो. त्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत. ऊन उंबऱ्यावरून उतरायला लागलं की ते पोरगं धावत यायचं आणि माझी मात व्हायची. उद्यमबागेतल्या कारखान्यात मी जन्मभर स्टोअर सांभाळलं. तिथं एक नट हलला तरी मला कळायचं. व्याह्यांचा घोडा मात्र मला कधीच वेळेवर दिसला नाही.

लेक माझी त्यांच्या घरात दिलेली. नातीच्या बारशाला, भर पंगतीत, माझ्या मेहुण्यानं विचारलं, "काय दाजी, परत हरलासा म्हणं?" खरं उत्तर 'व्हय' एवढंच होतं. पण चारचौघांत ते तोंडातून निघेना. मी मोठ्या थाटात म्हणालो, "मुलीचा बाप हाय बाबा. हरावंच लागतंय!" पंगत खो खो हसली. हशा मिळाल्याच्या आनंदात मी जिलेबी वाढून घ्यायला ताट पुढं केलं, वर बघितलं, तर जिलेबी घेऊन व्याहीच उभे.

त्यांनी मला दोन जास्त वाढल्या. त्या दिवशी पट निघाला नाही, आणि नंतर कधीच निघाला नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर व्याही फोनसमोर मांडी घालून बसलेले. माझ्याच लेकीनं त्यात कंप्युटरशी खेळायची सोय करून दिली होती.

"ह्याच्याशी कशाला?" मी विचारलं.

"ह्याला लेक न्हाय," ते म्हणाले.

मग त्या फोनशी त्यांचा संसारच सुरू झाला. फोनला मराठी समजतं असा त्यांना संशय, म्हणून चाल ठरवताना ते कानडीत पुटपुटत. जेवायला उठताना त्याच्यावर टॉवेल टाकत, आपल्यामागं त्यानं विचार करू नये म्हणून. पण खेळायचे ते आपल्याच रीतीनं. जिंकत आलेला डाव थांबवून प्यादं चालवायला घेत. आणि कंप्युटर हा असा सोयरा, की प्यादं येईपर्यंत चहा पीत बसत नाही. व्याही हरत. रोज हरत.

"आता कळतंय मला खेळ किती येतोय ते," एकदा म्हणाले. "इतकी वर्षं सोयऱ्यांनी सांभाळून घेतलं."

त्यांना धीर द्यावा म्हणून मी एक जगज्जेतासुद्धा एका कंपनीच्या कंप्युटरकडून हरल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली.

"त्येची लेक त्या कंपनीवाल्याकडं दिलीया काय?"

"न्हाई वो."

"मग मशीन खरंच जिंकलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि हातातल्या फोनकडं जरा हेव्यानं बघितलं.

खरं सांगायचं असं ठरवून मी कितीदा बेळगावहून गाडीत बसलो असेन. पण एक डाव मांडून हरून दाखवावं, तर ती पुन्हा मुलीच्या बापाचीच हार ठरणार. जिंकून दाखवायची माझी ऐपत नव्हती. संकेश्वर येईपर्यंत धीर टिकायचा, पुढं लेकीनं भाजी कसली केली असेल याचा विचार सुरू व्हायचा.

शेवटच्या आजारपणात मात्र त्यांचा हात धरून बोललोच. "व्याही, बारशात बोललो ते खोटं होतं. मी मुद्दाम कधीच हरलो न्हाय. तुम्ही मला खरंच हरवलंय. दर खेपेला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोचलं. आता हात जोडावेत आणि माफी मागावी.

"पाव्हणं," ते माझा हात थोपटत म्हणाले, "लई मोठं मन तुमचं. पण काळजी करू नगासा. लेकीला हितं काय कमी पडणार न्हाय."

उशाशी फोन होता, त्याच्यावर टॉवेल टाकलेला. माफीचा शब्द माझ्या तोंडात तसाच होता.

मी "व्हय" म्हणालो.