घारबाईंची मान

कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात त्यांना सगळे घारबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या गर्दीत गिऱ्हाईक होऊन उभ्या राहायच्या, एखाद्या सदऱ्याची शिवण चाचपत, आणि चोर पकडायच्या. या कामाचा पहिला धडा एकच: मान हलवायची नाही. मान वळली की चोर सावध होतो आणि हातावर तुरी देतो. तेव्हा घारबाईंचं डोकं खांबासारखं जागच्या जागी, आणि डोळे चहूकडे.

आता दुकानाच्या आणखी दोन शाखा निघाल्या होत्या. तिन्हीकडे गाडीने फिरून नजर ठेवणारं माणूस हवं होतं. महिनाअखेरपर्यंत परवाना आणला तर जागा घारबाईंची, नाहीतर मॅनेजरांच्या मेव्हण्याची. या मेव्हण्याने सात वर्षांत चोरीचा रुमालदेखील पकडला नव्हता. त्याला गाडी चालवता येत होती, एवढंच त्याचं कर्तृत्व.

घारबाई तीनदा नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा चढावर गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा थांबायच्या पट्टीवर गाडी पुरती न थांबता सरपटत पुढे गेली. त्या चुका त्यांनी कबूल केल्या आणि सुधारल्या. तिसऱ्यांदा मात्र परीक्षकाने शेरा मारला, 'आरशात पाहिले नाही', आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, थोडं नाटक कर की," नवरा म्हणाला. "वळण आलं की आरशाकडे मान हलवायची. माझा भाऊ नुसती मान हलवून पास झाला."

"म्हणून तर त्याने आठवड्यात कुंपण पाडलं. खांद्यामागचं आरशात दिसत नाही, तिथे मी वळून बघते. बाकी ठिकाणी डोळे पुरतात मला."

"तुझा पीळ काही जायचा नाही."

"जाऊ नये म्हणूनच सांभाळलाय."

चौथ्या खेपेला पुन्हा तोच परीक्षक शेजारी बसला. बारीक मिशी, मांडीवर फळी, फळीवर कागद. अर्ध्या तासाने घारबाईंनी कचेरीच्या आवारात गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

"चालवता चांगली," तो कागदाकडे बघतच म्हणाला. "पण आरशाचं पुन्हा तेच. सहा फुल्या. नापास."

घारबाईंच्या डोळ्यांसमोर मेव्हण्याचं तोंड आलं. रडू फुटावं इतका राग आला त्यांना. मागच्या तिन्ही वेळा त्या मुकाट्याने उतरल्या होत्या. या वेळी त्यांनी स्टीअरिंग सोडलं नाही.

"पहिल्या वळणाला मागे पांढरी व्हॅन होती, एक दिवा फुटलेली. दुसऱ्याला सायकलवर मुलगी होती, तिला जाऊ दिलं आणि मग वळले. दवाखान्यापाशी मागचा मोटारसायकलवाला फोनवर बोलत होता, म्हणून ब्रेक आधीपासून हळू दाबला. सगळं आरशात बघितलं."

"बाई, मला दिसतं ते मी लिहितो."

"शाळेच्या कोपऱ्याची फुली तुम्ही कोपरा यायच्या आधीच मारलीत. पेन उठेना म्हणून दोनदा गिरवलीत. तेही मी बघितलं."

त्याने कागदाकडे पाहिलं. चौथी फुली बाकीच्यांपेक्षा जाड होती.

"आत्ता मागे काय आहे?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच तो घारबाईंच्या डोळ्यांकडे बघत होता. ते क्षणभर आरशाकडे गेले आणि परत आले. मान तसूभर हलली नाही.

"तुमचे साहेब पायरीवर उभे आहेत, हातात कप घेऊन. केव्हाचे आपल्याकडेच बघतायत."

खात्री करायला परीक्षकाला कमरेपासून अख्खं वळावं लागलं. साहेबांनी कप उंचावला.

"पुन्हा एक फेरी मारा," परीक्षक म्हणाला. फळी त्याने पायाशी ठेवली आणि सगळ्या रस्ताभर तो घारबाईंचे डोळे बघत बसला. परत आल्यावर नवा कागद भरला, सही केली आणि पुढे धरला.

"पास. पण तुम्ही जरा मान हलवली असती तर एवढा त्रास झाला नसता."

"तुम्ही जरा मान वर केली असती," घारबाई म्हणाल्या, "तर मी मागच्याच खेपेला पास झाले असते."

कागद त्यांनी पर्समध्ये टाकला. मग खांद्यावरून पुरतं वळून, मागून कोणी येत नाही ना ते बघितलं आणि दार उघडलं.