अर्ध्या दिवसाचं काम

पंचफुलानं पेरलेली मिरची हुकत नाही, असं केळझरच्या आसपासचे भाजीवाले शेतकरी म्हणायचे. ट्रेच्या खळग्यात बी किती खोल ठेवायचं, ते तिच्या बोटांनाच कळायचं. थोरला भाऊ बंडूजी याच्या रोपवाटिकेत तिनं बारा वर्षं हेच काम केलं. मग सहा वर्षांपूर्वी रोपांची ट्रॉली उलटली आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्या दिवसांत बंडूजी नसता तर ती उभीच राहिली नसती. नवरा देवेंद्र सेलूला भाजीची गाडी लावायचा, त्याला एक दिवस मोडणं परवडत नव्हतं. अपंगत्वाचा दाखला, पेन्शनचा अर्ज, तहसिलीचे हेलपाटे, सगळं भावानं केलं. अर्जही त्यानंच आपल्या हातानं भरला. पेन्शन सुरू झाली तेव्हा पेढेही त्यानंच वाटले.

पण दिवसभर खाटेवर बसून पंचफुलाला घर खायला उठायचं. जयपूर फूट बसवल्यावर एक दिवस बंडूजी म्हणाला, "पंचे, सकायी चार घंटे येत जाय. बसूनच पेरजो."

"दादा, माई पेन्शन बंद होईन ना?"

"काऊन होईन? पाय उगवला काय तुया?"

ती हसली, पण मनाची खात्री करायला तहसिलीत जाऊन आली. बाबूनं सांगितलं, काम करायला मनाई नाही. कमाई मर्यादेच्या आत हवी आणि दरवर्षी उत्पन्नाचा दाखला जोडायचा. तिनं तो न चुकता जोडला.

पहिल्या दिवशी ट्रेमधल्या ओल्या कोकोपीटमध्ये, नारळाच्या भुशात, बोट घातलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार तासांनी कंबर भरून यायची, पाय जिथं संपतो तिथं सोलवटायचं. तरी घरी जाताना ती गुणगुणायची.

दीड वर्ष असं गेलं. मग मोठे बागायतदार प्रभाकरराव यांनी गावाबाहेर नवी रोपवाटिका टाकली आणि तिला बोलावणं धाडलं. काम तेवढ्याच वेळेचं, पण उंच टेबल, खुर्ची, न्यायला-आणायला ऑटो. बंडूजीकडं तिला जमिनीवर बसावं लागायचं. तिनं आधी भावालाच विचारलं. तो जरा वेळ पाइप गुंडाळत राहिला.

"जाय. तुयं भलं होत असन तं मी काऊन अडवू?"

महिन्याभरात नोटीस आली. ही बाई धडधाकट आहे, दिवसभर नोकरी करते, सरकारला फसवते, अशी तक्रार होती. चौकशी होईपर्यंत पेन्शन बंद. बंडूजी लगेच आला. "कोणाच्या पोटात दुखलं असन? मी येतो संगं, घाबरू नोको."

त्याच्याच मोटारसायकलवर बसून ती सेलूच्या तहसिलीत गेली. तो बाहेर बाकावर थांबला. आत बाबूनं तिची फाईल उघडली आणि जबाब लिहायला कोरा कागद काढू लागला. फाईल तिच्यासमोर होती. वर तक्रारीचा अर्ज, खाली नाव नाही, नुसतं 'एक जागरूक नागरिक'. मधे स्वतःचं नाव दिसलं आणि ती थबकली. 'पंचफूला'. फू दीर्घ, आणि त्याचा ऊकार खालच्या ओळीपर्यंत ओढलेला. जगात तिचं नाव असं एकच माणूस लिहायचा. तरी तिनं कागद उलटत तळाशी असलेला सहा वर्षांपूर्वीचा अर्ज काढला. तेच अक्षर, तोच ऊकार.

"काय झालं बाई?" बाबूनं विचारलं.

"काई नाई. लिवा तुमी."

बाहेर बंडूजी दोन कप चहा धरून बसला होता. तिनं कप घेतला नाही.

"दादा, तू लिवलं."

तो आधी 'काय?' म्हणाला, मग तिच्या तोंडाकडं पाहून त्यानं दोन्ही कप बाकावर ठेवले. म्हणाला, "तू गेल्यावर गिऱ्हाईक तिकडं चाललं, पंचे. मले वाटलं, पेन्शन अटकली तं भिऊन ते काम सोडशीन, मायाकडं येशीन. मंग मीच सोडवून देणार होतो."

"धडधाकट लिवलं तू. मले उचलून दवाखान्यातून कोणं आणलं होतं?"

ती एसटीनं परतली. सबंध वाटेत तिला तक्रारीचा राग येत नव्हता. तो 'घाबरू नोको' म्हणाला होता, त्याचा येत होता.

चौकशीला चार महिने लागले. तलाठी येऊन पाहून गेला, प्रभाकररावांनी कामाचे तास लिहून दिले, दाखले तर फाईलमध्येच होते. पेन्शन पुन्हा सुरू झाली. तिनं काम सोडलं नाही. मात्र आता कोणताही कागद ती स्वतः वाचते, स्वतः भरते, आणि कोणी मदतीला सरसावलं की आक्रसते.

भाऊबीजेला बंडूजी आला. मुलगी आचल आईकडं पाहू लागली. पंचफुलानं पाट मांडला, ओवाळलं, ताट वाढलं.

"तुमी जेवून घ्या," ती म्हणाली.

जन्मात कधी तिनं भावाला 'तुमी' म्हटलं नव्हतं. बंडूजीचा घास हातातच राहिला. ती भाजी आणायला आत गेली.