नाक चिमटीत धरून म्हटलेलं त्रिशरण

माझ्या मुलीला जन्मतः सिंड्रोम आहे. जबडा लहान, कान अधू, टाळू मागून फाटलेली. ऑपरेशनने टाळू शिवली तेव्हा पिंप्राळ्यातल्या शेजारणींनी पेढे मागितले. आता पोर बोलणार, झालं. पण शिवलेली टाळू आखूड पडली आणि बोलताना वारा नाकातून जात राहिला.

सासरे, म्हणजे आबा, शिंदखेड्याहून फुग्यांचं पाकीट घेऊन आले. "रोज फुगा फुगवू दे, टाळू बळकट होई." वर्षभर ती गाल दुखेपर्यंत फुगे फुगवत बसली. धुळ्याच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "फुंकणं वेगळं, बोलणं वेगळं. फुगे बंद करा." त्यांनी तिचं नाक चिमटीत धरून 'बाबा' म्हणायला लावलं. स्वच्छ 'बाबा' आलं. नाक सोडलं की पुन्हा 'मामा'. पुढे बहुतेक दुसरं ऑपरेशन लागेल, म्हणाल्या. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए.; बाईंचं सगळं मी घरी नीट समजावून सांगितलं. आबांनी ऐकलं आणि पेपर वाचायला घेतला.

आमच्या सासरी रीत आहे. घरच्या लग्नात त्रिशरण थोरलं नातवंड म्हणतं आणि मांडव त्याच्या मागून म्हणतो. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा थोरलं नातवंड हीच होती. तिने हट्ट धरला, मीच म्हणणार. बाई म्हणाल्या, ओळ अवघड आहे, ब, ग, स, सगळी तोंडात वारा कोंडावा लागणारी अक्षरं. तरी दर मंगळवारी त्यांनी तीच ओळ घेतली.

लग्नाच्या सकाळी नणंद, आमच्या अक्का, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, पोरले माइक नको देऊ. बठ्ठा लोके हासतीन. नवरीकडचे काय म्हनतीन, घरमा काय रोग शे?"

"हसू द्या," मी म्हणाले. "माझी पोर म्हणेल."

"शिकेल शे ना तू. तुले कोन सांगी."

ती मांडवात उभी राहिली. उजव्या हातात माइक. तिने डाव्या हाताने स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि म्हटलं, "बुद्धं सरणं गच्छामि." 'सरणं' जरा गुदमरलं, पण 'बुद्धं' अगदी स्वच्छ आलं. इतकं स्वच्छ मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

नवरीकडच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने विचारलं, "काय वास येस का काय?" मांडवभर हसू पसरलं. ओळ मागून कोणीच म्हटली नाही. मी म्हटली, माझा एकटीचा आवाज हसण्यात गेला. ती शिकवल्याप्रमाणे थांबून राहिली, चिमूट न सोडता, लोक मागून म्हणतील म्हणून.

मग खुर्चीतून आबांनी खणखणीत आवाजात तीच ओळ म्हटली. सगळा मांडव त्यांच्या मागून म्हणाला. पुढच्या ओळीही त्यांनीच म्हटल्या. अक्कांनी येऊन तिच्या हातातला माइक काढून घेतला.

जेवणाच्या पंगतीत तिने मला विचारलं, "मी चुकले का?"

"नाही. बरोबर म्हटलंस."

"मग माझ्या मागून कोणी का नाही म्हटलं?"

ऐकू आलं नसेल, असं सांगून भागलं असतं. पण तिला कानाचं मशीन लावल्यावर सगळं ऐकू येतं, ते हसूही आलं होतं.

"त्यांना तुझ्या मागून म्हणायचं नव्हतं," मी म्हणाले. "जेव."