मरीआईला घरकुल

देवीसमोर बाईने हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. रोज संध्याकाळी यायची, चपला निंबाच्या बुडाशी काढायची आणि शेंदराच्या त्या दगडावर सरळ तळहात ठेवायची, आपण लेकराचा ताप पाहतो तसा. "काय व माय, कसा गेला दिवस?" असं विचारायची. काहीतरी ऐकू आल्यासारखी मान हलवायची आणि पारावर बसून पाय पसरायची.

आमचं गाव चिखलीपासून जीपने फार लांब नाही. माझी पिठाची चक्की त्या निंबाच्या अगदी समोर, त्यामुळे दळण चक्कीत टाकलं की मला दुसरं बघायला काही नसायचं. तिने उभी हयात अंगणवाडी चालवली, म्हणून अख्खं गाव तिला बाई म्हणायचं. निम्म्या गावाचा शेंबूड तिने पुसलेला होता आणि वेळ आली की ती ते चारचौघांत बोलून दाखवायची.

तुमच्याही गावात अशी मरीआई असेल. शिवेजवळ, उघड्यावर, ना कळस ना पुजारी. आमची जिथे होती तिथे एका अंगाला आमच्या गल्ल्या संपतात आणि दुसऱ्या अंगाला बौद्ध वस्ती सुरू होते. पार दोघांच्या मध्ये. बाई तिथे बसली की बाया आपोआप जमायच्या, गाऱ्हाणी देवीला सांगायच्या आणि ती ऐकायची बाई. कोणाची नाली तुंबलेली, कोणाच्या पोराला दारू लागलेली. सगळं ऐकून झालं की ती ठरलेलं वाक्य बोलायची, "हिले कान हायेत, हात नाहीत. हात आपले." दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं करणारीच फावडं घेऊन नालीत उतरलेली दिसायची, आणि बाई पारावरून इकडून काढ, तिकडून काढ करत असायची.

मी एकदा तिला छेडलं. म्हटलं, लोक एवढे लांबलांबच्या देवाला जातात, तू या दगडापाशी काय बसतेस. ती म्हणाली, "नालीचं काम घेऊन तिरुपतीले जाता का भाऊ तुम्ही?" मी दळायला लागलो.

भांडण झालं तर ती दोन्हीकडच्यांना पारावर बसवायची. तिचा एकच नियम होता. इथे बसून सगळ्यांनी मिळून जे ठरवलं ते मरीआईने ठरवलं असं धरायचं, मग मागे फिरायचं नाही. नळाच्या पाण्यावरून दोन गल्ल्या हमरीतुमरीवर आल्या होत्या, ते प्रकरण तिने असंच मिटवलं. निकाल खुद्द तिच्या सुनेच्या विरुद्ध गेला. सून आठ दिवस बोलली नाही, पण बाईने शब्द बदलला नाही.

तिची जिवाची मैत्रीण वत्सलाबाई, पलीकडच्या वस्तीतली. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली होती आणि ती स्वतः देवाधर्माच्या वाटेला जाणारी नव्हती. ती यायची ती दगडाकडे पाठ करून बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "मी देवीले नाही येत, बाईले येते." दोघी शेंगा फोडत बसायच्या. काय बोलायच्या ते चक्कीच्या आवाजात मला कधी ऐकू आलं नाही, पण हसू आलं की दोघी एकमेकींच्या पाठीत धपाटा घालायच्या.

मग गावात पैसा आला आणि पोरांना भक्ती सुचली. पार काढून त्या जागी मरीआईचं मंदिर बांधायचं ठरवण्यासाठी पारावरच सभा बसली. बाई उठून एवढंच म्हणाली, की मरीआईला छप्पर चालत नाही, ती उघड्यावरची आहे. सरपंच तिच्याच अंगणवाडीतला. तो प्रेमानेच म्हणाला, "बाई, अख्ख्या गावाले घरकुल भेटलं. मरीआईनंच काऊन उघड्यावर राहावं?" सगळे हसले. बाईलाही हसू आलं. मंदिर पाहिजे त्यांना तिने हात वर करायला सांगितलं, आणि झाडून सगळे हात वर गेले.

त्या संध्याकाळी ती माझ्या चक्कीत येऊन पिठाच्या डब्यावर बसली. डब्यावरचं पीठ बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "वत्सला कुठं बसन आता?" मी म्हटलं, मंदिरातही येऊ शकते की, तिला कोण अडवणार आहे. बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच राग आला. ती म्हणाली, "अडवनार कोणीच नाही भाऊ. पन देवळाची पायरी ती चढन का? पाराची गोठ येगळी होती."

मी म्हटलं, मग हे सभेत का नाही बोललीस. तर म्हणे, सगळ्यांनी बसून ठरवलं, आता मागे फिरायचं नाही.

दगड हलवायच्या दिवशी एकही माणूस हात लावेना. मंदिर पाहिजे होतं, पण कोप कोणालाच नको होता. शेवटी बाईलाच बोलावलं. तिने दगडावर तळहात ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि गड्यांना म्हणाली, उचला. पार फोडताना ती तिथेच उभी होती. मी चक्की चालू ठेवली, नाहीतर तो आवाज मला सोसला नसता.

मंदिर देखणं झालं, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या फरशा, पितळी घंटा, घंटा चोरीला जाऊ नये म्हणून जाळीचं दार आणि दाराला कुलूप. पुजारी सकाळ-संध्याकाळ घटकाभर उघडायचा. बाई यायची, जाळीतून हात घालायची, पण हात दगडापर्यंत पोचत नव्हता. कोणी म्हणालं, बाई, दार उघडल्यावर आत या ना. ती हो म्हणायची आणि जायची नाही.

दोघींनी बाईच्या घरी बसून पाहिलं. पण घरी टीव्ही चालू, सून चहा घेऊन येणार, नातवाचा अभ्यास. वत्सलाबाई मला म्हणाली, "तिच्या घरी मी पाहुनी होते भाऊ, मैत्रीन नाही राहत." हळूहळू येणं कमी झालं. बाई घराबाहेर पडेनाशी झाली. तिला कोणता आजार झाला ते डॉक्टरला सांगता आलं नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोलायचं म्हणून मी विचारलं, मरीआई गावावर रागावली असेल का ग. ती म्हणाली, "कायले रागावन? ती तिथं नाहीच आता. बसाले जागा पाहून राह्यली असन कुठंतरी."

त्याच आठवड्यात बाई गेली. मयतीला दोन्हीकडचं गाव आलं, पोरं रडली, सरपंच तर हमसून रडला.

तिसऱ्या दिवशी सावडणं झालं. संध्याकाळी वत्सलाबाई गल्लीच्या तोंडाशी आली. ओच्यात शेंगा होत्या. मंदिराच्या कठड्यापाशी थोडा वेळ उभी राहिली, आत पाहिलं नाही. मला राहवेना. मी चक्कीतली खुर्ची उचलली, रस्त्यावर आणून निंबाखाली ठेवली आणि तिला बस म्हटलं.

तिने खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकटीनं कायले बसू भाऊ?"

ती वस्तीच्या वाटेने निघून गेली. अंधार पडायला लागला तशी मी खुर्ची आत घेतली.