बर्मामायचं पाणी

आमच्या वस्तीतल्या बायका कापूस वेचायला निघाल्या की त्या रांगेत बर्मामाय दुरूनही ओळखू यायची. तिच्या दोन्ही गालांवर लिंबाएवढे पिवळट-पांढरे गोल असायचे. कवठाच्या झाडाची साल दगडावर पाण्यात उगाळून ती रोज सकाळी गालांना लावायची. पोरं तिला हसायची. लग्न होऊन नव्याने आलेल्या सुना आधी दचकायच्या, मग हसायच्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात त्यांच्याही गालांवर ते गोल दिसू लागायचे, कारण दिवसभर उन्हात वाकून वेचलं तरी संध्याकाळी तोंडाची आग होत नसे. रंगूनच्या बायका असंच लावतात, असं ती सांगायची. रंगून कुठे आहे, हे आमच्यापैकी कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

आमचं गाव घाटंजीच्या बाजाराला पायी जाऊन दिवेलागणीला परत येता येईल एवढ्या अंतरावर. बर्मामायचं खरं नाव मतदार यादीत होतं आणि ते बहुधा तिथेच राहिलं. तिचे वडील नागपूरच्या एका इंग्रज साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेबाची बदली रंगूनला झाली तेव्हा त्याने पेट्या, कुत्रा आणि स्वयंपाकी बरोबर नेले. ती हे सांगताना क्रम नेमका हाच ठेवायची. तिचा जन्म तिकडचाच. पुढे जपान्यांचे बॉम्ब पडू लागले तसा साहेब बोटीने निघून गेला. बोटीत कुत्र्याला जागा मिळाली, स्वयंपाक्याला मिळाली नाही. मग ही आठ वर्षांची पोर आणि तिचे आईवडील हजारो माणसांबरोबर पायी हिंदुस्थानाकडे निघाले.

"किती लांब आहे गं तुझा बर्मा?" असं मी लहानपणी विचारलं होतं.

"मले कोस नोको विचारू. माह्या पायाले विचार," ती म्हणाली आणि उजवा पाय पुढे केला. त्याला करंगळी नव्हती. त्या वाटेबद्दल ती फारसं रडगाणं गात नसे. साहेबलोकांची वाट वेगळी होती, आपल्या लोकांची वेगळी, आणि डोंगर मात्र दोघांना एकच होता, हे ती मोठ्या गमतीने सांगायची. आईबद्दल एवढंच बोलायची की, निघालो तेव्हा तिघं होतो, पोचलो तेव्हा दोघं. त्यापुढे विचारलं तर तिला काहीतरी काम आठवायचं.

सकाळी ती वस्तीत एक फेरी मारायची आणि प्रत्येक दारात उभी राहून विचारायची, "थमीन सा पी बी ला?" म्हणजे बर्मी भाषेत, भात खाऊन झाला का? तिकडे भेटल्यावर माणसं एकमेकांना हेच विचारतात म्हणे. आम्ही पोरं ओरडून "सा पी बी" म्हणायचो, म्हणजे झाला. आमचे उच्चार ऐकून तिला हसू फुटायचं. आमच्या मते हा एक खेळ होता.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना आमच्या भागात कापसाचे दिवस फिरले आणि त्या खेळाचा अर्थ मला कळायला लागला. बोंडअळीने हिरवी बोंडं आतून पोखरली. पूर्वी संक्रांतीच्या पुढेही चालणारी वेचणी दिवाळीनंतर महिनाभरात आटपू लागली. शेत ज्यांचं ते हवालदिल, आणि ज्यांचं शेतच नाही त्या आम्हा लोकांना तर कामच नाही. आजूबाजूच्या गावांतून सारख्या वाईट बातम्या यायच्या. माणसं दार ओढून घेऊन घरात बसू लागली. बर्मामायची फेरी मात्र चालूच राहिली, उलट आता ती गावातल्या कुणब्यांच्या घरांपर्यंत जाऊ लागली. "सा पी बी" असं उत्तर आलं तरी ती चुलीकडे एक नजर टाकायची. चूल थंड दिसली की ओट्यावर बसकण मारायची, आणि भाकरी होईपर्यंत काही केल्या उठायची नाही. पीठच नसेल तर त्या घरची पोरं सरळ आपल्या घरी घेऊन यायची.

"तुले काय पडलं हाये एवढं?" असं माझी आई एकदा तिच्यावर वैतागली. बर्मामाय म्हणाली, "वाटेनं येतानी जे एकमेकायले हे इचारत होते, ते पोचले. जे मान खाली घालून एकटेच चालत होते, ते मांगं राह्यले." 

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात ब्रह्मदेशाला चार ओळी होत्या. त्या वाचून दाखवल्या की ती मान हलवायची. पुस्तकात व्हाइसरॉय होते, तिच्या इतिहासात स्वयंपाकघर होतं. "तोच साहेब, तीच टोपी," ती सांगायची. "इथून कापूस नेला, तिथून तांदूळ नेला, सागवान दोनीकडून नेलं. नेणारा एकच. मंग आपन सोयरे नाही झालो काय?" आपल्या मागोमाग बर्माही सुटला, ते ऐकून तिच्या वडिलांनी त्या दिवशी गोडभात केला होता. पुढे त्या देशाचं नाव बदलल्याची बातमी मी तिला सांगितली, तेव्हा तिला अजिबात वाईट वाटलं नाही. "बदलू दे. आपनबी छप्पनले धम्म घेऊन बदललोच ना. गाव थोडंच हललं."

तिकडचं सगळं गोड होतं असं ती कधी म्हणाली नाही. बर्मी लोक हिंदुस्थानी माणसाला 'कला' म्हणून हिणवायचे. सावकार, कारकून, हमाल, सगळे साहेबाच्या मागून आलेले, म्हणून त्यांचा हिंदुस्थान्यांवर राग, आणि तो राग बरोबरच होता असं तिचं मत. "इथं आपन गावाबाहेरचे, तिथं देशाबाहेरचे. पन तिथं जात नाही इचारली कोनी. सगळ्यायले एकच शिवी." एवढं बोलून ती खूप हसली होती. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायला बरीच वर्षं लागली.

छप्पन साली आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती विशीतली सून होती. जुने देव पाण्यात सोडून लोक मोकळे झाले, पण आता पुढे रोज करायचं काय, हा मोठा प्रश्न होता. बौद्ध माणसं घरात कशी वागतात, हे अख्ख्या पंचक्रोशीत फक्त एका बाईने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. जी सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नव्हती तिला म्हातारी माणसं ओट्यावर बसवून विचारू लागली. तिला आठवत होतं ते आठ वर्षांच्या पोरीला आठवेल तेवढंच. मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही. फुलं वाहायची ती पाण्यात ठेवून. आणि तिकडे नवं वर्ष एप्रिलच्या मध्यावर येतं, तेव्हा धाकट्यांनी थोरांच्या अंगावर पाणी घालायचं आणि वर्षभरात चुकलं असेल त्याची माफी मागायची.

एप्रिलच्या मध्यावर आमची चौदा तारखेची जयंती. लोकांनी दोन्ही एकत्र करून टाकलं. चौदा एप्रिलला सकाळी मिरवणुकीच्या आधी घरोघरी आया आणि आज्या केस सोडून अंगणात बसायच्या, आणि मुलं-सुना त्यांच्या खांद्यावर गडव्याने हळूच पाणी घालून म्हणायची, चुकलं असन तं माफ कर. मग बर्मामाय स्वतः एक गडवा घेऊन निघायची आणि तिच्याहून मोठ्या प्रत्येक बाईच्या खांद्यावर पाणी घालायची. पुढे तिच्याहून मोठं कुणी उरलं नाही, तरी ती घालतच राहिली. तिच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र ती कुणाला पाणी घालू देत नसे. "मी लहान हाये," म्हणायची. सगळीकडचे बौद्ध असंच करतात, अशी आमची अनेक वर्षं खात्री होती.

ती खात्री मोडण्याचं काम मी केलं. माझं तोंड पहिल्यापासून पुढे. यवतमाळला कॉलेजात गेले, वसतिगृहात दहा गावांच्या मुली भेटल्या, आणि कळलं की असलं पाणीबिणी कुणाकडेच नाही. एक जण तर हसली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या वर्षी उन्हाळा कडक होता, वस्तीत तीन दिवसांतून एकदा टँकर यायचा. मार्चमध्ये विहारात जयंतीच्या तयारीची बैठक भरली तेव्हा मी उभी राहिले. ही आपली रीत नाही, एका परक्या देशातला सण आहे, कुठल्याही ग्रंथात नाही, आणि लोक हंड्यासाठी भांडत असताना पाणी ओतणं बरं दिसत नाही, असं चांगलं दहा मिनिटं बोलले. कमिटीचे सचिव निवृत्त शिक्षक होते, त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो. शिकलेली मुलगी बोलते आहे याचंच त्यांना कौतुक. त्यांनी ते बंद करायचं ठरवून टाकलं.

बर्मामाय खांबाला टेकून बसली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "बरं." आणि पदराने गाल पुसून घरी गेली. मी स्वतःवर खूश होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

चौदा एप्रिलला सकाळी मी पांढरी साडी नेसून बाहेर आले तर आई अंगणात केस सोडून बसलेली. आई आणि मी चार महिने धड बोललो नव्हतो. परीक्षेसाठी मी वेचणीला यायचं नाकारलं होतं, ती मला नको ते बोलली होती, मीही काही कमी बोलले नव्हते.

"अशी काय बसलीस? ते बंद झालं ना," मी म्हटलं.

"कोनं केलं बंद?"

"मी."

 आई म्हणाली, "मंग आपलं वर्षभराचं कधी धुवाचं वो?"

 मी सरळ बर्मामायकडे गेले. ती आत एकटीच बसली होती, शेजारी रिकामा गडवा. मी म्हटलं, माझ्यावर रागव, काहीतरी बोल. ती रागावली नाही. इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट मात्र तिने मला सांगितली. डोंगरात तिच्या आईला ताप भरला. पाणी होतं ते खाली दरीत. मागची माणसं ढकलत होती, वडिलांनी आईला वाटेच्या कडेला झाडाखाली ठेवलं आणि पाणी आणू म्हणत पोरीचा हात धरून पुढे निघाले. मेल्यावर आईला ना अंघोळ घालता आली, ना माती देता आली.

"मायच्या अंगावर पानी घालाचं राहून गेलं," बर्मामाय म्हणाली. "म्हून मी दरसाली सगळ्यायच्या मायच्या अंगावर घालत होती. बर्माचं काय घेऊन बसली तू. मले मोठं मानूस कोनी म्हटलं का वाटे, मी तं आठ वर्षांचीच हाये, मायले पानी आनाले निंघाली हाये."

मी रडले. ती मला थोपटत राहिली. तिची माफी मागायला गेलेली मी, आणि समजूत माझीच निघत होती.

विहारासमोर मिरवणुकीसाठी लोक जमले होते. ज्या जागी उभी राहून बोलले होते तिथेच जाऊन मी म्हटलं, माझं चुकलं. ही रीत दुसऱ्या कुणाकडे नाही हे खरं, पण म्हणून ती आपली नाही हे मी कुठून काढलं? आपण चालवली म्हणून ती आपली. बर्मामायच्या आईबद्दल मी बोलले नाही, ते माझं सांगण्याचं नव्हतं. गुरुजी अडचणीत पडले. टँकर कालच येऊन गेलेला, पुढचा परवा. पाणी आणायचं कुठून? तोवर बर्मामाय मागून येऊन पोचली होती.

"तिथं नदी होती म्हून गडवे होते," ती म्हणाली. "आपल्याइथं वंजळ हाये. वंजळभर घाला."

मिरवणूक अर्धा तास थांबली. मी ओंजळीत पाणी घेऊन आईच्या खांद्यावर घातलं आणि म्हटलं, चुकलं असेल ते माफ कर. आई म्हणाली, "माह्यंबी." एवढंच. मग मी बर्मामायपुढे गेले. ती नेहमीप्रमाणे मागे सरकली, म्हणाली, मी लहान हाये. मी म्हटलं, "आज बस माय. मी आणलं आहे पाणी." तिने माझ्या ओंजळीकडे पाहिलं. बोटांतून थेंब गळत होते. मग ती खाली बसली आणि तिने केस सोडले.

त्या साली बोंडअळी गेली नाही, पाऊसही वेळेवर आला नाही. पण दारं ओढून बसणारी माणसं कमी झाली, हे मी स्वतः पाहिलं आहे. नंतर शेजारच्या दोन वस्त्यांनी आमची ओंजळ उचलली, आणि माझं शिक्षणही पुरं झालं. पुढच्या दोन वर्षांतही बर्मामाय त्या दिवशी केस सोडून बसली, आणि सगळ्यांत आधी.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात ती झोपेतच गेली. मी नोकरीला होते त्या बाभुळगावहून पहिल्या एसटीने पोचले. तिला अंघोळ घालायला घरच्या चार बायका पुरल्या असत्या. पण तिच्या दारापासून रांग लागली होती, ती विहाराला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेली होती. आमच्या वस्तीतल्या होत्या, गावातल्या कुणब्यांच्या बायकाही होत्या. टँकर दोन दिवस आलेला नव्हता. प्रत्येकीने आपल्या घरच्या हंड्यातलं, वाटीभर, पेलाभर, असेल तेवढं पाणी आणलं होतं आणि ते सांडू नये म्हणून सगळ्या अगदी हळू चालत होत्या. मीही पेला घेऊन आईच्या मागे उभी राहिले. माझा नंबर येईपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं.