पत्त्याच्या चिठ्ठीखाली ल्यूसील

डेल्फीन बुशार यांच्या जिन्यावर जुन्या मासिकांची एकशेसाठ मुखपृष्ठं चौकटीत लावलेली आहेत. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. चर्चमध्ये जुन्या सामानाची विक्री लागली की डेल्फीनबाई ही शोधून आणत. चाळीस वर्षं. खरं तर त्यांना एकच हवं होतं.

एकोणीसशे सेहेचाळीस साली गावातल्या एका चित्रकारानं त्यांच्या थोरल्या बहिणीला, ल्यूसीलला, समोर बसवून शेतकऱ्यांच्या मासिकाचं मुखपृष्ठ रंगवलं. त्याच हिवाळ्यात ती न्यूमोनियानं गेली. डेल्फीनबाई तेव्हा तीन वर्षांच्या. पुढं घर जळलं, त्यात फोटो गेले. आणि ते मासिक वाचून झालं की लोक चूल पेटवायला घेत.

गेल्या मार्चमध्ये ते मिळालं. मेपलच्या रसाच्या बादलीपाशी बसलेली मुलगी, नेमकी खालच्या डाव्या कोपऱ्यात. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी तिथंच डकवत. चेहरा पूर्ण झाकलेला.

अशा चिठ्ठ्या बाईंनी कितीतरी सोडवल्या होत्या. लायटरचं तेल कापसानं मुरवायचं, मग खालून पातळ सुरी सरकवायची. या वेळी त्यांनी कापूस तीनदा उचलला, तीनदा ठेवला.

"दात काढतानासुद्धा तू इतकी घाबरली नव्हतीस," दिवा धरून उभे असलेले त्यांचे नवरे रोझेर म्हणाले.

"दात माझा होता."

"मग राहू दे ना तशीच."

"म्हणजे मरेपर्यंत पोस्टाच्या पत्त्याला ताई म्हणू? दिवा हलवू नकोस."

"मी नाही हलवत. हातच म्हातारा झालाय."

शेवटी तेल मुरलं, सुरी आत गेली. वरची कड सुटली, आणि चिठ्ठीच्या पाठीवर गुलाबी रंग दिसला. बाकीची मुखपृष्ठं गुळगुळीत कागदाची होती. हा कागद खरखरीत होता, खळ आत मुरलेली. गाल चिठ्ठीबरोबर निघून येत होता. भीतीच्या भरात त्यांनी कागदावरून बोट फिरवून पाहिलंच नव्हतं.

"डोळा शाबूत आहे की गं," रोझेर सुटलेल्या कडेखाली वाकून बघत म्हणाले. "तुझाच."

"खोटं बोलतोस."

"पन्नास वर्षं माझ्यावर वटारलेला बघतोय. मला नाही ओळखू येणार?"

बाईंनी सुरी काढून घेतली.

ते मुखपृष्ठ जिन्यावर लागलं नाही. कपाटात पालथं असतं. एखाद्या दुपारी त्या ते काढतात, उरलेल्या चिठ्ठीच्या कडेला बोट लावतात, आणि चटका बसल्यासारखं मागं घेतात.