इंजिन नसलेल्या टँकरचं प्रमाणपत्र

साळवेमामांना आमच्या पाणी-टँकर संस्थेच्या अध्यक्षांनी भरसभेत खोटं पाडलं. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्याशेजारी, एका जुन्या व्हॅनमध्ये मामांचं धूर तपासणीचं केंद्र होतं. सायलेन्सरमध्ये नळी घातल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. यंत्र लावण्याआधी ते सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरत. काळं झालं की ड्रायव्हरच्या हातात ठेवत. "घरी न्या. कारभारणीला म्हणावं, धुऊन दाखव."

एका मोडक्या टँकरचे मी चार केले ते घासाघीस करूनच. मामांच्या यंत्रावर येणाऱ्या धुराच्या आकड्याचीही घासाघीस करायला गेलो. "मामा, दुष्काळ हाय. लोकांना पाणी पाजतोय आपण. जरा इकडं-तिकडं करा की."

"धुराचा भाव पडत न्हाई, शेठ. पंपासाठी इंजिन चालूच ठिवता तुमी. बाया घागरी घेऊन कुठं उभ्या राहत्यात? सायलेन्सरच्या तोंडाशी. पाणी पाजता आन् धूर बी पाजता."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या एका नळीनं बीड जिल्ह्याची हवा सुधरणार हाय का?"

"जिल्ह्याचं मला ठावं न्हाई. कागदावर सही माझी ऱ्हाती."

मग अध्यक्षांनी सोय काढली. त्यांच्या ओळखीचा एकजण नंबरप्लेटच्या फोटोवर प्रमाणपत्र देई. संस्थेच्या सगळ्या टँकरांचे कागद तिकडून येऊ लागले. मामांच्या व्हॅनच्या सावलीत कुत्री झोपू लागली.

एकदा माझ्या टँकरचं इंजिन गॅरेजात खाली काढून ठेवलेलं होतं. तरी टँकर पास! गंमत म्हणून मी तो कागद मामांना दाखवला.

"इंजिनच न्हाई तर धूर कुठला? बरोबर हाय की," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. "शेठ, हा कागद मला द्या."

मी घडी घालून तो खिशात ठेवला. तो बाहेर आला असता तर माझे चारही टँकर बंद पडले असते.

पुढच्या सभेत मामा आले आणि सगळ्यांसमोर बोलले. अध्यक्ष खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "इंजिनाबिगर पास? गाडी कुणाची ते सांगा, कागद दाखवा. न्हाईतर संस्थेची बदनामी कशापायी करता?"

मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहत होतो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "कागद माझ्यापाशी न्हाई," एवढं बोलून बाहेर पडले.

अध्यक्षांना दुखवायला नको म्हणून चौकातल्या बाकीच्या गाड्याही मामांकडे जायच्या बंद झाल्या. व्हॅन विकून मामा पुण्याला मुलीकडे गेले. तिकडेच वारले, असं ढाब्यावर कळलं.

टँकर अजून धावतात. बाया अजून तोंडाला पदर लावून घागरी भरतात. मी आता थकलो आहे, पण कागद जपून ठेवला आहे.

अध्यक्षसाहेब, येत्या सभेत तो मी टेबलावर ठेवणार आहे. इंजिन नसलेला टँकर कुणाच्या सांगण्यावरून पास झाला, याचं उत्तर तुम्ही द्या. गाडी कुणाची, ते मी सांगतो.